मावशी मधेच उठल्या

रविवार, रात्री साडेदहा

रविवारच्या ध्यानाच्या वर्गातून मावशी आज बाराव्या मिनिटाला उठल्या. चटई गुंडाळून कोपऱ्यात ठेवली आणि दाराशी वळून म्हणाल्या, "डोळं मिटलं की त्योच दिसतो. आन् तुमी गप बसायला सांगता." बाकी कुणी डोळे उघडले नाहीत. माझेच उघडले.

आधी वाटलं, बैठक चुकली असेल. बुडाखाली तीन-चार इंचांची घडी नसली की कंबर मागे कलते आणि दहाव्या मिनिटाला माणूस श्वास सोडून कंबरच बघत बसतो. पण मावशींच्या खाली घडी होती, मीच दिलेली. नाकपुड्यांखाली, वरच्या ओठावर लक्ष. श्वास मोजायचा नाही, लांबवायचा नाही. जाणवलाच नाही तर दोन-चार श्वास जरा जोरात घ्यायचे आणि मग त्याचा त्याला चालू द्यायचा. सगळं सांगितलं होतं.

एक सोडून. घरात ताजा मृत्यू असेल त्याला डोळे मिटायला लावायचे नसतात. बाहेरचं दिसेनासं झालं की आतलंच मोठं होतं, श्वास छातीत अडकतो, आणि 'श्वासाकडे या' म्हटलं की तो अडकलेलाच हाती लागतो. अशा वेळी डोळे उघडे, नजर समोरच्या फरशीवर, लक्ष जमिनीला टेकलेल्या तळपायांकडे, पाच मिनिटं पुरे, आणि शेजारी कुणीतरी हवंच. हे मला माहीत आहे. दुसऱ्यांना शिकवलंय.

माहीत असून. तेच डोक्यातून जात नाहीये. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातल्या दहा दिवसांच्या मौनातसुद्धा दुपारी आचार्यांशी बोलायची वेळ राखलेली असते. आमच्या पाऊण तासात तेवढंही नाही. वर्ग सुटला की नळाची मीटिंग. रेशनकार्डं, नळ, रविवार, सगळं आपणच ओढायचं आणि वर हे ऐकायचं, असंही वाटून गेलं. जाऊ दे.

आणि हे सगळं नेमकं मी रशियन कथाकार चेखॉव्हवर लिहीत असलेल्या आठवड्यात. १८८६ची कथा. पीटर्सबर्गचा गाडीवाला इओना, मुलगा जाऊन आठवडा होत आलेला. तो कसा आजारी पडला, मरताना काय बोलला, त्याचे कपडे आणायला दवाखान्यात कसा गेलो, सगळं त्याला बैजवार सांगायचंय. लष्करी अधिकाऱ्याला वेळ नाही, तीन टग्यांना नाही, मुक्कामावरचा पोरगा पाणी पिऊन पांघरूण ओढून घेतो. शीर्षकातल्या 'तोस्का' या रशियन शब्दाला मराठी शब्द शोधण्यात माझे दोन दिवस गेले. दुःख म्हणावं तर ढोबळ, खंत म्हणावं तर फिकं.

त्याच दोन दिवसांत मावशींचा मृत्यूनोंदणीचा कागद भरला. घरी वारलेल्याची नोंद घरच्यांनीच द्यायची असते, तीही २१ दिवसांत, म्हणून घाई. "पहाटं पाणी मागितलं त्यानं..." त्या सांगायला लागल्या. मी म्हटलं, "मावशी, फक्त तारीख."

किसा गोतमीची गोष्ट वर्गात कितीदा सांगितली असेल. मेलेलं लेकरू कडेवर, आणि जिथे कुणी मेलं नाही अशा घरातली मोहरी आण म्हणाले बुद्ध. अनित्य, अनित्य म्हणून मी पुढे जाते. आज पहिल्यांदा लक्षात आलं, बुद्धांनी तिला बसवलं नाही, दारोदार धाडलं. प्रत्येक उंबऱ्यावर तिला विचारावं लागलं असणार आणि प्रत्येक घराने आपापलं गेलेलं माणूस सांगितलं असणार.

लिहिता लिहिता हसू आलं. इओनाचं शेवटी त्याची घोडी ऐकते, चारा चघळत, त्याच्या हातांवर श्वास सोडत. श्वासाचा वर्ग मी चालवते, आणि ऐकणं घोडीला जमलं.

उद्या मावशींना नोंदणीची पावती द्यायला जायचंच आहे. सकाळी नको, पाण्याची वेळ असते. तीननंतर त्या मोकळ्या असतात. फोन घरी ठेवायचा. पाणी मागितलं, पुढे काय, तिथून विचारायचं.