पावणेचौदा इंच म्हणजे परत पाण्यात

टेक्सासात लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा तळ्यातला मासा, चौदा इंच भरला नाही तर तो तुमचा नाही. पावणेचौदा भरला तरी नाही. मोजायची रीतही ठरलेली आहे: मासा पट्टीवर आडवा, तोंड मिटलेलं, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत एकत्र दाबलेली, आणि नाकापासून तिथपर्यंत जे भरेल ते माप. दिवसाला जास्तीत जास्त पाच. तळ्यावर चिटपाखरू नसलं तरी लोक खिशातून पट्टी काढतात आणि पाव इंचासाठी चांगला अर्ध्या किलोच्या वरचा मासा सोडून देतात. उजनीच्या काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाच्या पिशवीत भाकरी, तंबाखू, गांडुळांची करवंटी सगळं सापडेल. पट्टी सापडणार नाही. त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. त्याला संध्याकाळचं कालवण करायचं असतं, इथल्या माणसाला शनिवार घालवायचा असतो.

पण एकदा हा नियम मान्य केला की पुढचं सगळं त्यातून येतं, आमिषसुद्धा. गांडूळ हे जगातलं उत्तम आमिष आहे, याबद्दल वाद नको. अडचण एवढीच की मासा ते गिळतो. गळ घशाखाली गेला की दहा इंचांचा बास सोडला तरी जगेलच असं नाही, आणि ठेवला तर दंड. सॉफ्ट प्लास्टिकचा, म्हणजे रबरी, किडा मासा तोंडात घेतो, चव पटली नाही की थुंकतो. त्या दोन क्षणांत गळ ओठात बसवायचा. म्हणून इथल्या दुकानांत भिंतभर सॉफ्ट प्लास्टिक लटकलेलं दिसतं. गावाकडून येणारा प्रश्न ठरलेला असतो, ‘खायचा नाही तर पकडायचा कशाला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर पैशाचं आहे: 1950च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार रॉड, रीळ, गळ, आमिष यांवरचा कर माशांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळतो. बहुतेक वस्तूंवर तो 10 टक्के आहे. म्हणजे रबरी किड्यांचं पाकीट घेणारा माणूस तळ्याचा खर्चही उचलतो. हे उत्तर ऐकून गावाकडे कोणाचं समाधान होत नाही, ती गोष्ट वेगळी.

रबरी किडा हा प्रकार जुना आहे. 1949 साली ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम यांनी पहिले मऊ प्लास्टिकचे गांडूळ ओतून तयार केले. तेव्हापासून आकार वाढतच गेले. दहा इंची नागोबासुद्धा मिळतात. लहानाची बाजू लावून धरली ती कॅन्सासच्या नेड केहडी यांनी. पाच इंची किडा अर्धा कापायचा, अडीच इंचांचा तुकडा हलक्या जिगहेडवर, म्हणजे धातूचं डोकं बसवलेल्या गळावर ओवायचा, बस्स. याला आता जगभर ‘नेड रिग’ म्हणतात. एका किड्यात दोन आमिषं, आणि तेही फाटेपर्यंत वापरायचं. ही काटकसर आपल्याला कोणी शिकवायला नको.

अडीच इंचच का? इथल्या गावांतल्या तळ्यांवर रोज दहा माणसं मोठमोठी आमिषं फेकतात. तिथला बास ती ओळखून असतो. बोटाच्या दोन पेरांएवढं, काहीही न करणारं काहीतरी तळाशी पडलेलं असेल तर तो येऊन तोंडात घेऊन बघतो. शिवाय लहान आमिषाला ब्लूगिल, क्रॅपी हे छोटे मासेही लागतात, त्यामुळे दिवस कोरडा जात नाही.

जिगहेड 1/15 किंवा 1/10 औंस, म्हणजे दोन ते तीन ग्रॅम. डोकं अळंबीसारखं चपटं, गळ 1 किंवा 2 नंबरचा. नवशिक्याचा हात नेहमी जड जिगकडे जातो कारण तो लांब फेकता येतो आणि तळ लगेच कळतो. पण जड जिग दगडांत रुततो आणि आमिष धोंड्यासारखं खाली जातं. वारा नसेल तर 1/15. वारा सुटला किंवा पाणी दहा फुटांपेक्षा खोल असेल तर 1/10. त्याहून जड क्वचितच लागतं.

ओवण्यात बहुतेक जणांचं चुकतं. किडा आधी गळाच्या शेजारी धरून टोक कुठून बाहेर येणार तिथे नखाने खूण करा. साच्याची शिवण किड्याच्या अंगावर बारीक रेघेसारखी दिसते, ती सरळ रेषेसाठी वापरा. टोक किड्याच्या डोक्याच्या बरोबर मध्यात खुपसा, किडा गळाच्या वळणावरून ढकलत न्या, खुणेवर टोक बाहेर काढा आणि किड्याचं डोकं जिगच्या कॉलरवर, म्हणजे धातूच्या डोक्यामागच्या मानेवर, घट्ट सरकवा. आता समोरून बघा. किडा किंचितही वाकडा असेल, मध्ये चुरगळला असेल, तर काढून पुन्हा ओवा. वाकडं आमिष ओढताना गरगर फिरतं, दोरीला पीळ पडतो, आणि अर्ध्या तासाने रिळावर शेवयांचा गुंता होतो. मग लोक रिळाला शिव्या देतात. किडा कॉलरवरून सारखा घसरत असेल तर सुपरग्लूच्या जेलचा एक थेंब पुरतो.

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो ती. हे किडे दोन जातींचे असतात आणि पाकिटावर ते ठळक लिहिलेलं नसतं. बहुतेक किडे पीव्हीसी प्लास्टिसॉलचे, म्हणजे मऊपणासाठी तेलकट द्रव मिसळलेल्या प्लास्टिकचे. दुसरी जात झेड-मॅन कंपनीच्या इलॅझटेक या प्लास्टिकसारखी: ताणली तर रबरबँडसारखी लांबते, सहजी फाटत नाही, आणि पाण्यावर तरंगते. दोन्ही चांगल्या. पण एका डब्यात ठेवल्या की प्लास्टिसॉलमधला द्रव दुसऱ्याला खातो, आणि टेक्सासच्या उन्हात गाडीच्या डिकीत दोनच दिवसांत खरवसासारखा एकजीव लगदा होतो. काही स्वस्त पारदर्शक डबेसुद्धा या द्रवाने चिकट होऊन विरघळतात. सहा-सात डॉलरची पाकिटं, त्यात आठ किडे, आणि सगळं कचऱ्यात. एक ओळ मोठ्या अक्षरात छापायला काय जातं? इथे कॉफीच्या कपावर ‘आत गरम कॉफी आहे’ असं लिहितात, आणि हे नाही लिहीत. तर: प्रत्येक जात तिच्या मूळ पाकिटात, पाकीट बंद, आणि काळा-निळा किडा पांढऱ्यापासून लांब, कारण रंगही उतरतो. प्लास्टिसॉलची शेपूट पाकिटात दुमडून वाकली असेल तर गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून सपाट पृष्ठभागावर सरळ गार होऊ द्या. भांडं स्वयंपाकाचं नको.

इलॅझटेक तरंगतं याचा फायदा नेड रिगमध्ये दिसतो. जिग तळाला टेकतो आणि शेपूट वर उभी राहून पाण्याच्या हालचालीने आपोआप डुलते, चिखलात तोंड खुपसून खाणाऱ्या झिंग्यासारखी. यांतल्या काहींत मीठ भरलेलं असतं. नवा किडा त्यामुळे जरा जड आणि ताठ असतो. चार-सहा वेळा ताणून, पाण्यात वापरून मीठ निघालं की तो हलका आणि मऊ होतो. म्हणजे चार मासे लागलेला, भोकं पडलेला किडा नव्यापेक्षा चांगला. फेकू नका.

रॉड साडेसहा-सात फुटी, मीडियम-लाइट ताकदीचा, स्पिनिंग रीळ 2000 किंवा 2500 नंबरचं. रिळावर 10 पौंडी वेणीची दोरी, पुढे सहा-आठ फूट 6 किंवा 8 पौंडी फ्लुरोकार्बन, जोडाला दुहेरी युनी गाठ. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की फ्लुरोकार्बन गरम होऊन तिथेच कमजोर होतं.

फेकल्यावर आमिष ढिल्या दोरीवर खाली जाऊ द्या. निम्मे बास या पडण्यातच लागतात, त्यामुळे डोळा दोरीवर हवा: ती टचकन उडाली, आडवी सरकली, किंवा तळ यायच्या आधीच ढिली पडली, तर मासा आहे. तळाला टेकल्यावर दहा सेकंद काहीही करू नका. हे सगळ्यात अवघड. मग हातभर हळू ओढा, थांबा, रॉडचं टोक नुसतं थरथरवा, थांबा. मासा लागला की हिसका द्यायचा नाही. दोरी गुंडाळत ताण आला की रॉड उचलायचा. गळ बारीक तारेचा आहे, तेवढ्यावर बसतो. हिसका दिला तर आमिष तोंडातून निसटतं. बांबूच्या काठीवर बोटाने दोरी धरून माशाची चाहूल घेणारी आपली माणसं यात इथल्यांपेक्षा लवकर तयार होतील, हे मी पैजेवर सांगतो.

रंगांवर फार डोकं खपवू नका. स्वच्छ पाण्यात ग्रीन पम्पकिन, गढूळ पाण्यात काळा-निळा, एवढ्यावर वर्ष निघतं.

पॅनफिश म्हणजे तव्यात मावणारे मासे: ब्लूगिल, रेडइअर, क्रॅपी. यांच्यासाठी सगळं आणखी लहान. ब्लूगिलचं तोंड वाटाण्याएवढं, म्हणून आमिष इंचभराचं, जिग 1/64 किंवा 1/32 औंस, गळ 8 नंबर, दोरी 4 पौंडी साधं नायलॉन. टकटक टकटक जाणवतं आणि हाती काही येत नाही, किड्याची शेपूट मात्र गायब, असं झालं तर गळाचं टोक शेपटीपासून फार लांब आहे. अशा वेळी शेपूट कापू नका, हलते तीच. डोक्याकडून पाव इंच कापा आणि पुन्हा ओवा. पाणी 70 फॅरनहाइटच्या वर गेलं की ब्लूगिल उथळ वाळूत थाळ्यांसारखे खळगे करून घरटी घालतात, एकाला लागून एक. ती वसाहत सापडली की फेकाफेकीची गरज उरत नाही.

क्रॅपी, किंवा इथल्या कित्येकांच्या तोंडी क्रॉपी, याचे डोळे वरच्या बाजूला बघतात. तो आपल्यापेक्षा वरचं आमिष घेतो, खालचं सहसा नाही. म्हणून खोली मोजणं हाच सगळा खेळ. दोन इंची बेबी शॅडसारखा (माशाच्या पिल्लाच्या आकाराचा) किडा, 1/16 औंसचा जिग. तो साधारण सेकंदाला फूटभर जातो. आकडे मोजत सोडा: सहावर लागला तर पुढच्या वेळीही सहापर्यंतच. बुडालेल्या झाडाझुडपांत सरकता फ्लोट बरा, दोरीवरची गाठ सरकवून खोली पक्की करता येते. तोंडाची कड कागदासारखी असते. जोर लावला तर फाटते. जिग फांदीत अडकला तर सावकाश ताण द्या, बारीक तारेचा गळ सरळ होऊन सुटतो. पकडीने पुन्हा वाकवा आणि चालू ठेवा.

क्रॅपीला राज्यभर नियम दहा इंच आणि दिवसाला 25. पण लेक फोर्कसारख्या ठिकाणी हिवाळ्यात, 1 डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर, नियम उलटा होतो: मापाची अट नाही, आणि पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवायचाच, 25 होईपर्यंत. थंडीत ते खोल पाण्यात असतात. वर ओढले की पोटातली हवेची पिशवी फुगते आणि सोडलेला मासा मरतो. तेव्हा सोडणं हीच नासाडी. तळ्यानुसार नियम बदलतात, दरवर्षी नवी पुस्तिका बघून जावं. परवान्याचं वर्षही 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट असं चालतं. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांना स्टेट पार्कमध्ये न्या: प्रवेशाचे पैसे द्या, काठावरून मासे धरायला परवाना लागत नाही.

ज्या माशांना मापाची अट आहे त्यांचं डोकं-शेपूट काठाला लागेपर्यंत कापायचं नाही, त्यामुळे होडीत साफसफाई नको. घरी आल्यावर हळद, तिखट, आगळ लावून रव्यात घोळवा. मांस पांढरं, वास जवळपास नाही. सुरमईशी तुलना करू नका, ती दोघांवरही अन्याय करणारी आहे; पण चिलापीपेक्षा सरस, यावर मी ठाम आहे. इथले लोक दोन्ही बाजूंचे तुकडे काढून काटा-डोकं फेकतात, ते बघवत नाही. दहा इंची क्रॅपी खवलं काढून, चिरा देऊन अख्खा तळता येतो.

हात धुण्याआधी एक काम: जिगवरचे ओले किडे काढून ठेवा. मीठ भरलेला किडा रात्रभर गळावर राहिला की सकाळी गळ तांबडा झालेला असतो. फाटलेले तुकडे काठावर टाकू नका, मासे तेही गिळतात. इलॅझटेकचे वेगळ्या पाकिटात.

वेगळ्या पाकिटात!