ट्रेलर जास्त खोल गेला आणि पोंटूनला पोचा आला

परवा बोट पाण्याबाहेर काढताना डाव्या पोंटूनच्या, म्हणजे बोट ज्यांच्यावर तरंगते त्या ॲल्युमिनियमच्या पोकळ ट्यूबपैकी एकीच्या, नाकाला पोचा आला आणि चूक माझी होती, दादा गाडी मागे घेत होता आणि मीच ओरडत होते अजून घे, अजून घे. मला वाटायचं ट्रेलर जितका खोल तितकी बोट अलगद चढेल. होतं नेमकं उलटं. बंक, म्हणजे ट्रेलरवरच्या कार्पेट लावलेल्या लांब फळ्या, पूर्ण बुडाल्या की बोट त्यांच्यावर टेकतच नाही, नुसती तरंगत राहते, आणि पोंटून बोटीचं पाण्याखाली अंग कमी, वर रेलिंग, सीटा, छत्री सगळं उभं, त्यामुळे बाजूचा वारा तिला शिडासारखी ढकलतो. एक झुळूक आली, बोट तिरकी झाली आणि गाइड पोस्टच्या, म्हणजे बोट सरळ चढावी म्हणून ट्रेलरच्या बाजूला लावलेल्या उभ्या खांबाच्या, ब्रॅकेटचा कोपरा ट्यूबवर बसला. तो धप्प आवाज ऐकून पोटात गोळाच आला.

मग बोट मागे घेतली, ट्रेलर वर ओढायला लावला, बंकांचा पुढचा साधारण तिसरा हिस्सा कोरडा दिसेपर्यंत, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन हळू परत आणली तर ट्यूब फळ्यांवर बसल्या आणि बोट जागची हललीच नाही. विंचचा, म्हणजे बोट ओढून घेणाऱ्या चरखीचा, हुक, मोटर वर, मागचे पट्टे, झालं.

घरी आल्यावर नीट बघितलं. नुसत्या पोच्याची मला काळजी नव्हती, त्याने तरंगण्यात काही फरक पडत नाही, पण पोच्याच्या कडेला वेल्डच्या रेषेजवळ केसाएवढी रेघ दिसत होती. मागचा प्लग काढून हातपंपाने हवा भरली, अगदी थोडी, २ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला २ पौंड दाब) आतच, कारण २५ इंच व्यासाच्या ट्यूबच्या टोकावर २ पीएसआयलाही जवळजवळ ४४५ किलोचा जोर येतो, कंप्रेसर लावून टोकाचं झाकण उडवायचं नाही. साबणाचं पाणी ब्रशने लावलं आणि वाट बघत बसले. बराच वेळ काही नाही, मग रेघेच्या खालच्या टोकाला मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक.

हवा सोडली, पुसून कोरडं केलं, ॲसिटोनने चिकटपणा काढला आणि नव्या स्टेनलेस ब्रशने घासलं. नवाच ब्रश हवा, लोखंडावर वापरलेला असेल तर लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच खड्डे पडायला लागतात. घासून ठेवून चहाला जायचं नाही, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच परत धरतो. मी इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाचा, पातळ हात दिला आणि ते ओलं असतानाच त्यातच सँडपेपरने घासलं, म्हणजे खाली उघडा पडलेला धातू हवेऐवजी थेट इपॉक्सीला लागतो, मग वर जाड थर दिला.

पूर्ण दिवस सुकू दिलं. आज परत हवा, परत साबण, तेच टोक, दहा मिनिटं नजर न हलवता बघितलं, फेस सुकून गेला पण बुडबुडा एकही नाही. सीझन संपला की वेल्डरकडून टाका मारून घेणार आहे, तोपर्यंत दर फेरीनंतर प्लग काढून ट्यूबमधून पाणी येतंय का बघायचं.