ब्राउझरवरून रोबो: वायफाय सोडलं, ब्लूटूथवर आलो

अपडेट द्यायला उशीर झाला, ऑफिसात रिलीज होतं त्यामुळं मागच्या टेबलावर रोबोच्या जागी क्लायंटच्या टेस्टिंगचे फोन पसरले होते. आता टेबल परत आमचं. नवीन लोकांसाठी थोडक्यात, आम्ही बेळगावात टिळकवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत वेब डेव्हलपमेंट करतो, दिवसभर रिॲक्ट आणि नोड (वेबसाइट बनवायची साधनं), आणि शनिवारी काम आटोपलं की चार-पाच जण मिळून रोबो करत बसतो. नियम एकच, रोबो चालवायला ॲप नको. प्ले स्टोअरला टाकलं की दरवर्षी टार्गेट एपीआय (अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी ॲप केलंय तो आकडा) वाढवत बसा, एपीके (ॲपची फाइल) व्हॉट्सॲपवर पाठवली की फोन बोंबलतो धोका आहे म्हणून. वेब पानाचं तसं नाही, लिंक पाठवली की विषय संपला.

चासी, म्हणजे रोबोचा सांगाडा, झाली. उद्यमबागमध्ये एका ओळखीच्या लेझर कटिंगवाल्यानं ऑटोपार्टची ऑर्डर कापून उरलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातनं कापून दिली, ॲक्रिलिकपेक्षा जड आहे पण मोटरचे स्क्रू आता ढिले होत नाहीत. मोटरचा ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज सोडणारी चिप, बदलली, एल२९८एन काढून टीबी६६१२ घातला. तो जुना ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खाऊन बसतो, दोन १८६५० सेलचा ७.४ व्होल्टचा पॅक, त्यातनं मोटरला राहणार काय. नवा मॉसफेटवाला (व्होल्ट कमी खाणारा) आहे, चॅनेलला १.२ अँपिअर देतो, आमच्या छोट्या एन२० मोटरला बास झालं. दोन्ही मोटरी एकदम सुटल्या की ईएसपी३२ (रोबोचा मेंदू असलेला बोर्ड) रीसेट व्हायचा, सिरियलवर (बोर्डाकडनं लॅपटॉपवर येणारा मजकूर) ब्राउनआऊटचा, म्हणजे व्होल्टेज पडल्याचा मेसेज. बोर्डाला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) दिला, मोटरच्या सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, बंद झालं ते.

आता मेन गोष्ट. आधी रोबोच हॉटस्पॉट सोडायचा, फोन त्याला जोडायचा, ब्राउझरमध्ये रोबोचा पत्ता १९२.१६८.४.१ उघडायचा आणि वेबसॉकेटवरनं (पान आणि रोबोमधली कायम चालू जोडणी) जॉयस्टिक. ऐकायला मस्त, पण अँड्रॉइडला कळतं की ह्या वायफायला इंटरनेट नाही, मग तो गुपचूप मोबाईल डेटावर जातो आणि पान लोडच होत नाही, प्रत्येक नव्या माणसाला डेटा बंद करा हे सांगायचं. तेही चाललं असतं एकवेळ. पण फोन तिरका करून रोबो वळवायचा होता, आणि तिथं ब्राउझर आडवा आला. फोनचा कल सांगणारा सेन्सर फक्त सिक्युअर कॉन्टेक्स्टमध्ये मिळतो, म्हणजे एचटीटीपीएस (कुलूपबंद जोडणी) पाहिजे, नाहीतर लोकलहोस्ट (पान त्याच फोनवर). रोबोचा आयपी ह्या दोन्हीत बसत नाही. बरं, पान बाहेर एचटीटीपीएसवर ठेवावं आणि तिथनं रोबोच्या वेबसॉकेटला जोडावं म्हटलं तर मिक्स्ड कंटेंट (सुरक्षित पानातनं असुरक्षित जोडणी) म्हणून ब्लॉक. रोबोवर सेल्फ-साइन्ड (आपणच बनवलेलं) सर्टिफिकेट टाकलं तर लाल वॉर्निंगचं पान येतं, ते बघून कॉलेजची पोरं फोनच परत देतात. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, कुठल्याही साध्या पानाला फोनचे सेन्सर मिळू लागले तर अवघड आहे. पण घरातल्या, टेबलावरच्या वस्तूंचा विचार ब्राउझरवाल्यांनी अजून नीट केलेला नाही एवढं नक्की.

म्हणून वेब ब्लूटूथ, म्हणजे पानावरनंच थेट ब्लूटूथनं जोडायचं. क्रोममध्ये २०१७ पासनं आहे, पान गिटहब पेजेसवर (वेब पान ठेवायची जागा), एचटीटीपीएस फुकटात, सर्व्हिस वर्कर (पान फोनमध्ये साठवणारा कोड) टाकलाय त्यामुळं एकदा उघडलेलं पान रेंज नसली तरी चालतं. खानापूरच्या पुढं जंगलाच्या बाजूला शाळेत दाखवायला न्यायचं डोक्यात आहे, तिथं हेच लागणार. नोड डेव्हलपरला बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) म्हणजे नवा प्रांत, पण नॉर्डिकची यूएआरटी सर्व्हिस (बीएलईवर साधा डेटा पाठवायची ठरलेली पद्धत) घेतली की सिरियलसारखंच वाटतं. बीएलईत न मागता एका पॅकेटला २० बाइटच मिळतात, आम्हाला तीन पुरतात, डावा वेग, उजवा वेग, आणि एक फ्लॅगचा.

जॉयस्टिकचा कोड करताना मात्र मजा आली. बोट सरकलं की पॉइंटरमूव्ह (बोट हललं) इव्हेंटांचा पाऊस पडतो, प्रत्येकाला राइट मारलं (रोबोला डेटा पाठवला) की क्रोम म्हणतो जीएटीटी (बीएलईवरची देवघेव) ऑपरेशन आधीच चालू आहे आणि एरर फेकतो. क्यू (रांग) करूया असं टीममधल्या एकाचं म्हणणं होतं, पण क्यूमध्ये जुने कमांड साठत जातात आणि बोट उचलल्यावरही रोबो आपला चाललाय. मग क्यू वगैरे काही नाही, एकच व्हेरिएबल, त्यात कायम शेवटची किंमत, आधीचं राइट संपलं की त्या क्षणी जी असेल ती पाठवायची, मधल्या गेल्या तर गेल्या. आणि बोर्डाच्या बाजूनं ३०० मिलिसेकंदात काही आलं नाही तर मोटर बंद. हे फेलसेफ नसेल तर टेबलावर टेस्ट करू नका, खाली फरशी आहे. अजून एक, जॉयस्टिकच्या डिव्हला (पानावरच्या चौकटीला) सीएसएसमध्ये टच-ॲक्शन नन द्या, नाहीतर रोबो राहतो जाग्यावर आणि पानच वरखाली पळतं.

आमच्या साहेबांकडं आयफोन. सफारीत वेब ब्लूटूथ नाही. "अरे जागा माझी, करंट माझा, आणि माझ्याच फोनवर चालत नाही व्हय?" म्हणाले. त्यांच्यासाठी जुनं वायफायचं पान तसंच ठेवलंय, नुसती जॉयस्टिक, तिरकं करायचं काही नाही.

लाइन फॉलोइंगला (रोबो काळ्या रेघेवरनं आपला आपण चालतो) ट्रॅक पाहिजे होता. फ्लेक्सवाल्याकडं गेलो, मामा जुना बॅनर आहे का विचारलं, तर "कुठला पाहिजे, वाढदिवसाचा का श्रद्धांजलीचा?" पाठ पांढरी असली की झालं म्हटलं. वाढदिवसाचा मिळाला. पाठीवर काळी इन्सुलेशन टेप लावून ट्रॅक केला, फक्त ट्यूबलाइटच्या खाली फ्लेक्स चकाकतो आणि सेन्सर गंडतात, म्हणून सुरुवातीला रोबो जाग्यावर एक गिरकी घेतो आणि पाचही सेन्सरची किमान-कमाल किंमत नोंदवून घेतो. पीआयडी, म्हणजे रेघेपासून किती चुकलं त्यावरनं वळण ठरवणारं सूत्र, त्यातला आय शून्यच ठेवलाय. केपी (चूक किती त्याचं वजन) आणि केडी (चूक किती वेगानं बदलतेय त्याचं वजन) यांचे स्लायडर पानावर आहेत, रोबो पळतोय तेव्हाच ओढायचे, खाली कॅनव्हासवर एररची रेघ दिसते. केपी वाढवला की रेघ करवतीसारखी होते, केडी हळूहळू चढवला की शांत होते. परत परत फ्लॅश करून (बोर्डात कोड चढवून) आकडे बदलण्यात जो शनिवार जायचा तो वाचला, आणि डी म्हणजे काय हे आमच्या इंटर्नला मी सांगून कळलं नव्हतं ते त्या रेघेवरनं कळलं. बॅटरी पूर्ण भरलेल्या ८.४ व्होल्टवरनं उतरत गेली की हेच आकडे लागू पडत नाहीत, त्यामुळं आता व्होल्टेज मोजून पीडब्ल्यूएम (मोटरला वीज किती वेळ चालू ठेवायची ते) त्या प्रमाणात वाढवायचं चाललंय. ते मोजायला बोर्डावरची एडीसी१ ची (व्होल्टेज मोजणारी) पिन घ्या, वायफाय चालू असलं की एडीसी२ वाचता येत नाही.

नवीन बोर्ड घेणाऱ्यांनी ईएसपी३२-एस२ घेऊ नका, त्यात ब्लूटूथच नाही. फोन अँड्रॉइड ११ किंवा जुना असेल तर लोकेशन चालू करा, नाहीतर यादीत रोबो दिसत नाही. फर्मवेअर (बोर्डातला कोड) आता पानावरनंच लोड होतं, वेब सिरियल (पानावरनं केबलनं बोर्डाशी बोलणं) वापरून, लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये. कॉलेजच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करू देत नाहीत, तिथं हे कामाला येतंय. बटणांची नावं एका जेसन फाइलमध्ये आहेत, मराठी मी भरली, कन्नड शेजारच्या टेबलवाल्या अक्कांनी.

पुढं चाकांना एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारे) लावायचेत, पिना पुरवायला जरा कसरत आहे. कुणी ईएसपी३२-सी३ वर निमबीएलई (बीएलईची लायब्ररी) वापरत असेल तर कनेक्शन इंटर्व्हल (फोन आणि बोर्ड किती वेळानं बोलतात ते) किती ठेवलाय ते सांगा, आमच्याकडं एका जुन्या फोनवर जॉयस्टिक मधनंच अडकते, बाकी फोनवर नाही.