शिक्षण मंडळावर होते म्हणजे नेमके काय करत होते?

माझी मुलगी महापालिकेच्या शाळेत सहावीला आहे आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत ७५ टक्के पालक लागतात आणि निम्म्या जागा महिलांना. उरलेल्यांत शिक्षक असतात, शिक्षणाची जाण असलेली माणसे असतात आणि स्थानिक लोकप्रतिनिधी असतो. आमच्याकडे लोकप्रतिनिधीची जागा रिकामीच होती. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे शहराला नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे.

जानेवारी २०२६ ची निवडणूक जाहीर झाल्यावर प्रचारपत्रके घरोघरी आली. आमच्या प्रभागातल्या एका उमेदवाराच्या पत्रकावर 'शिक्षण मंडळाचे माजी सदस्य' असे ठळक छापले होते. महापालिकेच्या शाळांचा कारभार पूर्वी हे मंडळ पाहायचे. शाळेच्या फाटकाशी दोन-तीन जणींनी मला विचारले, "ताई, तुम्ही समितीवर आहात. हे मंडळावर होते, तेव्हा आपल्या शाळांसाठी काय केलं यांनी?" उद्या समितीत कदाचित हाच माणूस आमच्या शेजारी बसणार होता. ऐकीव माहितीवर उत्तर द्यायला मन घेईना, म्हणून कागद शोधायचे ठरवले.

सोपे होते ते आधी केले. उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे यांचे शपथपत्र द्यावे लागते आणि ते कोणीही वाचू शकतो. यांचे २०१७ चे मिळाले. २०१२ मध्ये त्यांच्या प्रभागातल्या महिलांसाठी राखीव जागेवर त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. शपथपत्रात पती-पत्नी दोघांचीही मालमत्ता लिहावी लागते, त्यामुळे पत्नीच्या कागदावरून यांचीही पाच वर्षांपूर्वीची स्थिती कळली. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. खटकावे असे काही दिसले नाही, आणि विचारणाऱ्यांना मी तसेच सांगितले.

मतांचे आकडे वाचताना मात्र फार जपावे लागते. २००७ मध्ये ते पडले होते, २०१७ मध्ये निवडून आले. आमच्यातल्या एका दादांनी लगेच हिशेब मांडला की दहा वर्षांत मते कितीतरी पटींनी वाढली, म्हणजे माणसाने काम केलेच असणार. पण २००७ ला पुण्यात एका वॉर्डात एकच नगरसेवक होता, एकूण जागा १४४. २०१२ ला दोनसदस्यीय प्रभाग झाले, ७६ प्रभागांत १५२ जागा. २०१७ ला ४१ प्रभागांत १६२ जागा, बहुतेक प्रभाग चारसदस्यीय. चारसदस्यीय प्रभागात मतदार चार मते देतो आणि प्रभाग जुन्या वॉर्डापेक्षा कितीतरी मोठा असतो. मग मतांचा आकडा फुगणारच! ज्या वस्त्यांनी त्यांना २००७ मध्ये पाहिलेही नव्हते, त्या २०१७ ला त्यांच्या प्रभागात आल्या होत्या. मतदारांनी त्या माणसाला ओळखून मत दिले की पक्षाच्या चौघांच्या पॅनेलला, हे या आकड्यांतून कळत नाही. दादांना हे वहीवर मांडून दाखवले तेव्हा त्यांना पटले.

खरा प्रश्न मंडळाचा होता. शिक्षण मंडळ १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखाली चालायचे आणि त्याचे बहुतेक सदस्य नगरसेवक निवडायचे, पालक नाहीत. २००७ मध्ये लोकांनी नाकारलेला उमेदवार पुढे पक्षाच्या बळावर मंडळावर जाऊ शकला, तो याच वाटेने. हे नियमाला धरूनच होते. तरी मला ते लागले. ज्यांची मुले या शाळांत होती त्यांना विचारलेच गेले नव्हते. २०१३ मध्ये राज्याने कायदा बदलून ही मंडळे मोडीत काढायचे ठरवले. आता शाळा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आहेत.

जुन्या मंडळाची इतिवृत्ते पाहण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावले आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय, तोही दीडशे शब्दांच्या आत. 'सर्व माहिती द्यावी' असे लिहू नका. मी कालावधी लिहिला आणि फक्त दोनच गोष्टी मागितल्या: बैठकांची हजेरी, आणि या उमेदवाराच्या नावावर नोंदलेले प्रश्न व ठराव. शिवाय पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कागदपत्रे समक्ष पाहता येतात. पालकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. मनपाच्या थांब्यावर उतरून मी सोमवारी गेले आणि तिथल्या एका ज्येष्ठ लिपिकबाईंनी नोंदवही कशी वाचायची ते शांतपणे समजावून दिले. पाने निवडून प्रती घेतल्या, दोन रुपये पान.

हजेरी चांगली होती. पिण्याचे पाणी, गणवेश वेळेवर न मिळणे, मुलींच्या स्वच्छतागृहांची दारे, यावर त्यांनी विचारल्याच्या नोंदी होत्या. दारांचा विषय तर त्यांनी पुन्हा पुन्हा काढला होता, आणि हे वाचून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. शिक्षकांच्या रिक्त जागा आणि कमी होत जाणारा पट यांवर मात्र त्यांच्या नावावर एक ओळही नव्हती. आमच्या शाळेला आज सर्वात जास्त भोवतात त्या याच दोन गोष्टी.

आचारसंहिता असल्यामुळे शाळेत यातले काही करायचे नाही, असे मोठ्या बाईंनी आधीच बजावले होते आणि ते योग्यच होते. आम्ही वस्तीतल्या समाजमंदिरात जमलो. मी प्रती सर्वांच्या हातात दिल्या, चांगले आणि उणे दोन्ही वाचून दाखवले, आणि कोणाला मत द्यायचे यावर बोलले नाही. पुढे ते प्रचाराला वस्तीत आले तेव्हा एका आजींनीच विचारले, "साहेब, दारांचं तुम्ही बोललात, ते कागदात दिसलं. मास्तरांचं का नाही बोललात?" ते थांबले. तेव्हा पट बरा होता, मास्तर पुरत होते, असे म्हणाले. मग समितीच्या बैठकीला दर महिन्याला याल का, असे मी विचारले. "बोलवा, येतो," असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले.

१६ जानेवारीला निकाल लागला, ते निवडून आले. त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत आम्ही लोकप्रतिनिधीची रिकामी जागा भरण्याचा ठराव केला, आणि पुढच्या बैठकीचे पत्र त्यांच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. पत्रात विषय एकच आहे: शिक्षकांच्या रिक्त जागा.