एका ड्रॉइंगसाठी चार दिवस

भोसरीतल्या ज्या कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो, तिथे एका जुन्या ग्राहकाने २०१६ सालचा एक सुटा भाग पुन्हा मागवला आणि त्याचे ड्रॉइंग सर्व्हरवरून केव्हाच पुसले गेले असल्यामुळे ते बॅकअपमधून काढून देण्याचे काम माझ्याकडे आले. फाइल जेमतेम तीन एमबीची होती आणि त्या महिन्याच्या बॅकअपची चुंबकीय टेप कपाटात शाबूत होती, म्हणून संध्याकाळपर्यंत देतो, असे मी डिझाइन विभागाला सांगून टाकले.

पहिली अडचण कॅटलॉगची निघाली. कोणती फाइल कोणत्या टेपवर आहे, याची नोंद आमचे बॅकअप सॉफ्टवेअर स्वतःच्या कॅटलॉगमध्ये ठेवते आणि मुदत संपली की ती काढून टाकते. टेपवरचा डेटा जागच्या जागी असतो, पण सॉफ्टवेअरच्या लेखी तो नसतोच. ही मुदत वर्षा-महिन्यांत न लिहिता क्रमांक दिलेल्या पातळ्यांत निवडावी लागते. ८ म्हणजे एक वर्ष, ९ म्हणजे कायमची. कोणीतरी कधीकाळी ९ ऐवजी ८ निवडले होते, आणि पडद्यावर ते चुकीचे आहे असे दिसण्याचे काहीच कारण नव्हते.

टेप पुन्हा ‘इम्पोर्ट’ करायची, म्हणजे ती वाचून तिची नोंद कॅटलॉगमध्ये परत आणायची, तर दुसरी गोष्ट लक्षात आली. टेपच्या बारकोडच्या शेवटी ‘एल६’ होते, म्हणजे ती एलटीओ या टेपप्रकाराच्या सहाव्या पिढीची, आणि टेप वाचणारा आमचा नवा ड्राइव्ह आठव्या पिढीचा, एलटीओ-८ चा. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचत असत. आठव्या पिढीपासून ती सोय गेली आणि एलटीओ-८ वर जुन्यांपैकी फक्त सातव्या पिढीच्या टेप वाचता येऊ लागल्या. भांडारात धूळ खात पडलेला जुना ड्राइव्ह मिळाला, हे नशीबच. तो जोडायला दहा मिनिटे लागली; पण सॉफ्टवेअरने तो वापरावा यासाठी मीडिया सर्व्हर (ड्राइव्ह हाताळणारा संगणक), स्टोरेज युनिट (त्या ड्राइव्हची सॉफ्टवेअरमधली नोंद) आणि ड्राइव्हच्या संख्येवर मोजला जाणारा परवाना, या तिन्हींची जुळवाजुळव करण्यात दीड दिवस गेला. यांपैकी परवान्याचा खटाटोप मला आजही निव्वळ निरर्थक वाटतो.

इम्पोर्टही दोन टप्प्यांत होतो: पहिल्यात टेपवर कोणकोणते बॅकअप आहेत ते कळते, दुसऱ्यात त्यांतल्या फाइलींची नावे. शिवाय आमच्या टेपवर अनेक सर्व्हरचा डेटा एकमेकांत गुंफून लिहिलेला होता. या मल्टिप्लेक्सिंगला मात्र मी नावे ठेवणार नाही, कारण डेटा सावकाश आला तर ड्राइव्ह सारखा थांबून टेप मागे घेतो आणि पुन्हा धावतो, त्यात वेळ जातो आणि टेपही झिजते. पण लिहिताना वाचवलेला वेळ परत काढताना भरावा लागतो. अडीच टीबीची टेप सेकंदाला १६० एमबी या पूर्ण वेगानेही वाचायला सव्वाचार तासांहून अधिक वेळ घेते, आणि मला ती एकदा नव्हे, तर तीनदा वाचावी लागली.

चौथ्या दिवशी दुपारी ड्रॉइंग उघडले. डिझाइन विभागातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक माप पाहिले, वहीत टिपून घेतले आणि म्हणाले, “एवढंच हवं होतं.”

तेव्हापासून मासिक बॅकअप झाला की त्यातल्या फाइलींची यादी मी छापून टेपच्या डबीला रबरबँडने बांधून ठेवतो आणि ती टेप कोणत्या ड्राइव्हवर चालते तेही त्यावर पेनाने लिहितो.