‘चार नट काढून टाका ना दादा’: डिलिव्हरीच्या गाडीतला घडीचा ट्रे आणि त्याचं पासिंग

आधीच सांगतो, ट्रे उत्तम झालाय. खाली जे रामायण आहे ते ट्रेचं नाही, पासिंगचं, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीचं आहे.

माझी मारुती इको कार्गो आहे, सीएनजीवर. औषधांच्या एका स्टॉकिस्टचा माल तालुक्याच्या गावात आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या मेडिकलवाल्यांना पोचवतो. लोकांना वाटतं खोकं टेकवायचं आणि निघायचं. तसं नसतं. प्रत्येक दुकानाचं बिल वेगळं. दुकानदार बिलावरचा बॅच नंबर आणि एक्सपायरी मालाशी ताडून बघतो, मग आमच्या कॉपीवर सही-शिक्का देतो. परतीचा एक्सपायरी माल घ्यायचा, त्याची यादी वेगळी. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं म्हणून ते बर्फाच्या पॅकसह थर्मोकोलच्या डब्यात, आणि तो डबा जितका कमी वेळ उघडा राहील तितकं बरं. हा सगळा हिशोब मी मांडीवर करत होतो. वारा आला की बिलं उडणार, पाऊस आला की शाई फुटणार.

शेजारच्या सीटवर फळी टाक, असं सगळे सुचवतात. ज्यांनी इको वापरली नाही तेच सुचवतात. इकोचं इंजिन पुढच्या सीटांखाली आहे, आतलं काही बघायचं तर सीट उचलावी लागते. तिथे काही जखडून ठेवलं की मेकॅनिकच्या शिव्या खायच्या. आणि उन्हाळ्यात खालून जी धग येते त्यात औषधाचं खोकं ठेवणं बरोबर नाही. स्टिअरिंगला अडकवायचे ट्रे ऑनलाइन मिळतात. डबा खायला ठीक आहेत, सिरपच्या बाटल्यांचं खोकं ठेवलं की कलंडतात.

म्हणून मी जागा निवडली ती सीटमागच्या पार्टिशनची, डाव्या सरकत्या दाराच्या बाजूला. ट्रे बंद असताना पार्टिशनला चिकटून उभा. दार सरकवलं, कडी काढली, की माल ठेवायच्या भागात आडवा होतो. मी खाली फुटपाथच्या बाजूला उभा राहून काम करतो. डावीच बाजू हवी, उजव्या दारातून काम करायचं म्हणजे पाठ ट्रकांकडे.

फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींना मी कागदावर काढून दिलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या मनाने केलं, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं झालं. २४ बाय १४ इंचाचा बारा एमएमचा मरीन प्लाय (आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, नुसतं ‘वॉटरप्रूफ आहे’ ऐकून घेऊ नका), वर सनमायका, एका कडेला लांबलचक पियानो बिजागरी, खाली दोन फोल्डिंग ब्रॅकेट. ब्रॅकेट मी मुंबईला गेलो होतो तेव्हा नागदेवी स्ट्रीटवरून आणले. आमच्याकडे मिळतात ते पातळ पत्र्याचे असतात. तीन बाजूंना अर्ध्या इंचाची ॲल्युमिनियमची कड, नाहीतर इंजेक्शनच्या बाटल्या गडगडत जातात.

बॉडीला मी एकही नवं भोक पाडू दिलं नाही. पार्टिशनच्या चौकटीला क्लॅम्प, त्याला चार नटबोल्ट, बस. सीएनजीची गाडी असेल तर ड्रिल घेऊन उत्साहाने कुठेही भोकं पाडू नका, आधी नळी कुठून गेलीय ते बघा. नट साधे नकोत, नायलॉक घ्या, ज्यात आत नायलॉनचं कडं असतं. साधा नट आमच्या रस्त्यांवर आठवडाभरात सैल होतो.

हे चार नट लक्षात ठेवा.

इकोसारख्या मालवाहू गाडीला नवीन घेतल्यावर फिटनेस दोन वर्षांचं मिळतं, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग. माझं पहिलं नूतनीकरण होतं. वाहन पोर्टलवर अर्ज, पैसे, अपॉइंटमेंट, सगळं घरबसल्या झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. विमा आणि पीयूसी चालू आहे ना तेवढं आधी बघा, नाहीतर अर्जच पुढे सरकत नाही. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या सोललेल्या असतील तर आदल्या दिवशीच नव्या लावा, चाचणीच्या ट्रॅकच्या बाहेर लावून देणारा दुप्पट घेतो.

ट्रॅक आमच्या आरटीओ कार्यालयापासून बराच लांब आहे. ब्रेकची चाचणी २५० मीटरच्या ट्रॅकवरच घ्यायची असा उच्च न्यायालयाचा आदेश आहे आणि एवढी जागा शहरात कुठून मिळणार. आदेश योग्यच आहे. पण त्यामुळे निरीक्षक ट्रॅकवर, कागद कार्यालयात आणि आपण दोन्हींच्या मध्ये.

दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, चेसिस नंबर, सगळं बघून झालं. निरीक्षकांनी सरकतं दार उघडलं.

“हे काय?”

“ट्रे आहे साहेब. घडीचा.”

“आरसीत आहे?”

“ट्रे आरसीत कसा असेल?”

“मग गाडीत कसा आहे?”

यावर मला काही सुचलं नाही. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि पुढच्या टेम्पोकडे गेले. तेवढ्यात लिंबाच्या झाडाखालचा एजंट आला. हे लोक कुठून बघत असतात कोण जाणे. “चार नट काढून टाका ना दादा. पासिंग करून घ्या, गेटच्या बाहेर परत लावा. पाना आहे माझ्याकडे.” त्याने पाना काढूनही दाखवला. नंतर जो भेटला त्याने हेच सांगितलं. घरी सांगितलं, बायको हेच म्हणाली. स्टॉकिस्ट म्हणाले, “अहो, सगळे कॅरिअर काढून पासिंग करतात, तुम्ही काय वेगळे?”

मी काढले नाहीत. एक तर गेटबाहेर परत लावायचे म्हणजे फिटनेस एका गाडीचं आणि रस्त्यावर चालणारी गाडी दुसरी. उद्या आरटीओच्या वायुवेग पथकाने (रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या) हायवेला थांबवून तोच प्रश्न विचारला तर तिथे मी काय दाखवणार? अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने फोटो काढले तर? दुसरं कारण खरं सांगायचं तर हट्ट. मी काही लपवण्यासारखं केलेलं नव्हतं.

तर कार्यालयात गेलो. खिडकीवर सांगितलं, गाडीत बदल केलाय तर बदलाचा अर्ज करा. ठीक. कोणत्या प्रकारचा बदल? इंधन, इंजिन, बॉडी. म्हटलं, यातलं काहीच नाही, ट्रे आहे. “मग तुमचं जे असेल ते निवडा.” तेच तर नाहीये. “नसेल तर अर्ज होणार नाही.” आणि पासिंग? “अर्ज झाल्यावर.” मागे रांग होती, मागचे लोक माझ्यावरच वैतागले. बाजूच्या टेबलावरून कुणीतरी आवाज दिला की कंपनीचं परवानगीपत्र आणा, सुप्रीम कोर्टाचा २०१९चा निकाल आहे, कंपनीने बनवलीय त्यापेक्षा वेगळी गाडी चालत नाही. शोरूमला गेलो. तिथला मॅनेजर हसला नाही एवढंच त्याचं उपकार. कंपनी सनमायकाच्या फळीला पत्र देत नाही.

मधल्या काळात फिटनेसची मुदत जवळ आली. मुदत संपल्यावर दिवसाला ५० रुपये जादा लावण्यावरून २०२४ साली रिक्षावाल्यांनी राज्यात ठिकठिकाणी आंदोलन केलं, सरकारला स्थगिती द्यावी लागली. पण मला पन्नास रुपयांची भीती नव्हती. फिटनेस नसलेल्या गाडीत औषधं घालून मी निघणार नव्हतो आणि स्टॉकिस्टनेही घालू दिली नसती. म्हणजे गाडी दारात उभी आणि हप्ता चालू. रोज रात्री मी नटांकडे बघायचो.

मग मी मोटार वाहन कायदा उघडला. १९८८चा, फुकट वाचायला मिळतो. कलम ५२, गाडीतले बदल. त्या खिडकीवरही याच कलमाचं नाव घेत होते. त्याच्या शेवटी एक स्पष्टीकरण आहे, ते कुणी वाचत नाही. बदल म्हणजे काय, तर गाडीच्या रचनेतला असा फेरफार ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. माझी गाडी ट्रेच्या आधी माल वाहत होती, नंतरही माल वाहते. सीट तेवढ्याच, वजन फळीएवढं वाढलं, लांबी-रुंदी-उंची तीच. मग चार पानं पुढे कलम ५६, फिटनेसचं. त्यात लिहिलंय की प्रमाणपत्र नाकारायचं असेल तर कारणं लेखी द्यायची. मला आजवर जे काही मिळालं होतं ते सगळं तोंडी होतं!

साध्या मराठीत एक पानी अर्ज लिहिला. गाडीचा नंबर, अपॉइंटमेंटची तारीख, ट्रेचं वर्णन, घडी घातलेला आणि उघडलेला असे दोन फोटो, नटबोल्टने बसवलेला असून वेल्डिंग केलेलं नाही हे वाक्य ठळक, कलम ५२चं स्पष्टीकरण, आणि शेवटी विनंती की प्रमाणपत्र द्यावं किंवा कलम ५६प्रमाणे नकाराचं कारण लेखी द्यावं. भांडणाचा एकही शब्द नाही. बायकोने वाचून दोन वाक्यं खोडली, ती भांडणाचीच होती.

अर्ज दोन प्रतींत नेला. आवकवाल्यांनी (बाहेरून आलेले कागद घेणाऱ्या खिडकीवर) वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, “हे इथे नाही घेत, साहेबांना भेटा.” साहेब म्हणाले आवकला द्या. आवकची खिडकी जेवणासाठी बंद झाली. जेवणानंतर उघडली ती दुसऱ्यासाठी. मी हललो नाही, खुर्चीवर बसून राहिलो, प्रत्येक जण आत-बाहेर करताना माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होता. शेवटी शिक्का मारला. एवढासा निळा गोल, तारीख आणि क्रमांक. त्या गोल शिक्क्यानंतर जे लोक मला ओळखत नव्हते त्यांना माझा नंबर पाठ झाला.

बोलावणं आलं ते सहायक प्रादेशिक परिवहन अधिकारी मॅडमकडून. गाडी कार्यालयाच्या आवारातच घेऊन यायला सांगितलं. त्यांनी ट्रे उघडला, बंद केला, हाताने दाबून बघितला आणि विचारलं, “जोरात ब्रेक मारला तर आपोआप उघडतो का?” इतक्या सगळ्या काळात कुणीतरी विचारलेला हा पहिला कामाचा प्रश्न. मी कडी दाखवली. आधी मिस्त्री चुंबकाचा कॅच लावणार होते, तो खड्ड्यात सुटतो म्हणून मी आग्रहाने टॉवर बोल्ट, म्हणजे सरकवायची कडी, लावून घेतला होता. तुम्हीही चुंबकावर विसंबू नका. मॅडमनी कोपरे बघितले, म्हणाल्या, यांना रबर लावून घ्या, दार उघडताना कुणाच्या डोक्याला लागेल. आणि गाडी चालू असताना ट्रेवर काही ठेवायचं नाही. दोन्ही सूचना रास्त होत्या. मी संध्याकाळच्या आत दाराचं रबर बीडिंग आणून कोपऱ्यांना चिकटवलं, खडखडही थांबली त्याने.

पुढच्या अपॉइंटमेंटला ट्रॅकवर तेच निरीक्षक होते. दार उघडलंच नाही त्यांनी. एजंट लांबून बघत होता, मी त्याला हात केला. नमुना ३८, म्हणजे फिटनेसचं प्रमाणपत्र, दोन वर्षांचं.

लेखी मागा, एवढंच मी आता प्रत्येकाला सांगतो, आणि ट्रे करायला विचारणाऱ्यालाही आधी हेच सांगतो, मग माप. आवकचा शिक्का असलेली प्रत लॅमिनेट करू नका, झेरॉक्स गाडीत ठेवा आणि मूळ घरी. वेल्डिंग अजिबात नको, जे पान्याने निघतं त्यालाच ‘सामान’ म्हणता येतं.

आणि एक राहिलं. संध्याकाळी ट्रेवर उजेड लागतो म्हणून गाडीच्या वायरिंगला जोड देऊन पट्टी लावू नका, वॉरंटीचं भांडण ओढवून घ्याल. चार्जिंगचा चिकटवायचा दिवा मिळतो, तो पुरतो. प्लायच्या कापलेल्या कडांना सनमायका लावायच्या आधी फेव्हिकॉलचा हात मारून घ्या, पावसाळ्यात दार उघडं राहिलं की पाणी नेमकं तिथूनच शिरतं.