पर्थचा मुक्काम, आईचे गुडघे आणि आमचं बजेट

आई-बाबा सांगलीहून येणार म्हणल्यावर स्कॉटलंड दाखवायचंच हे ठरलेलं होतं आणि स्कॉटलंड म्हणजे एडिंबरा असंच डोक्यात होतं, पण तिथले हॉटेलांचे रेट बघितले आणि गपगार झालो. ऑगस्टमध्ये तर विचारूच नका, १९४७ पासून चालू असलेला तो नाटक-संगीताचा फेस्टिव्हल असतो, साध्यासुध्या खोलीलाही रात्रीचे दोनशे-अडीचशे पौंड सहज मागतात, आणि आम्हाला लागणार दोन खोल्या. जूनमध्ये जरा कमी, पण स्वस्त म्हणावं असं काही नाही. वरनं २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामाला तिथे ५ टक्के व्हिजिटर लेव्ही (खोलीच्या भाड्यावरचा पर्यटक-कर) आहे, पहिल्या पाच रात्रींपुरती, म्हणजे फार नाही, पण आधीच दुखतंय तिथे आणखी चिमटा. मग नवरा म्हणाला, मुक्काम दुसरीकडे टाकू आणि एडिंबराला दिवसभर जाऊन येऊ, आणि नकाशावर बोट फिरवता फिरवता पर्थवर थांबलो.

पर्थ म्हणल्यावर बाबा म्हणाले, "अगं, ते ऑस्ट्रेलियात ना?" ते पण आहेच, पण त्याला नाव या पर्थवरून दिलंय, मूळ गाव हे. टे नदीच्या काठावर, पन्नास हजाराच्या आत वस्ती, शहराचा दर्जा २०१२ मध्ये परत मिळालेला, आणि रेल्वेचं चांगलं जंक्शन. एडिंबरा सव्वा तासावर, ग्लासगो तासाभरावर, वर पिटलॉक्री अर्ध्या तासावर, इन्व्हरनेस दोन-सव्वादोन तास. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून दिवसातनं एक थेट गाडी आहे, इन्व्हरनेसला जाणारी, ती पर्थला थांबते, म्हणजे बॅगा घेऊन मधेच प्लॅटफॉर्म बदलायची भानगड नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना हे एक कारणच पुरेसं आहे. स्कॉटरेलमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या रेल्वेत, सकाळ-संध्याकाळचं जास्तीचं भाडंही १ सप्टेंबर २०२५ पासून बंद झालंय, त्यामुळे एडिंबराला सकाळी आठची गाडी पकडली काय आणि दहाची पकडली काय, तिकीट तेवढंच.

आता राहायचं कुठे. इथे तीन पर्याय होते आणि तिन्हीवर आमची घरी बरीच वादावादी झाली.

नवऱ्याचं मत, सरळ चेन हॉटेल घ्या, प्रीमियर इन किंवा ट्रॅव्हलॉज टाइप, लिफ्ट असते, गादी बरी असते, आश्चर्य काही नाही. लहान मुलं असतील तर हे फायद्याचंच, प्रीमियर इनमध्ये एका मोठ्या माणसाच्या ब्रेकफास्टवर दोन मुलांचा फुकट असतो. पण आमच्याकडे चारही मोठी माणसं, आणि अशा ठिकाणी जो रेट दिसतो तो नुसत्या खोलीचा, ब्रेकफास्ट माणशी वेगळा, तो चौघांचा रोजचा धरून बघितला की स्वस्त खोली स्वस्त राहत नाही. दुसरं म्हणजे सगळ्यात कमी रेटवाली खोली घेतली की पैसे परत नाहीत, आणि आई-बाबांचा व्हिसा तेव्हा यायचा होता. व्हिसा हातात येईपर्यंत नॉन-रिफंडेबलला हात लावायचा नाही हे मी पहिल्या दिवशीच सांगितलेलं, चार पौंड जास्त गेले तरी चालतील.

माझं मन फ्लॅटवर होतं. किचन असतं, आईला सकाळी उठून स्वतःचा चहा करता येतो, वरण-भाताचा कुकर लावता येतो. पण फ्लॅटवाल्यांच्यात क्लीनिंग फी आणि सर्व्हिस फी शेवटच्या स्क्रीनवर उगवते आणि थोड्या रात्रींसाठी ती अंगावर येते. स्कॉटलंडमध्ये असे फ्लॅट भाड्याने द्यायला कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, लायसन लागतं, त्याचा नंबर जाहिरातीत दिलेला असायला पाहिजे, तो नसेल तर पुढे जाऊ नका. आम्हाला एक आवडलेला फ्लॅट नंबर विचारल्यावर उत्तरच देईना, मग सोडला.

शेवटी गेस्टहाउस. आणि इथे पर्थची थोडी भूगोल माहिती लागते. गेस्टहाउसांच्या मुख्यतः दोन रांगा आहेत. एक पिटकलन क्रेसेंट, नदीच्या पलीकडे, एकाला एक लागून घरं, सगळ्यांना पार्किंग. गाडी घेऊन येणार असाल तर डोळे झाकून तिकडे जा. पण चालत गावात यायचं म्हणजे पूल ओलांडून वीसेक मिनिटं, आणि परत जाताना चढ. दुसरी रांग मार्शल प्लेस, स्टेशनच्या जवळ, समोर साउथ इंच नावाचं मोठंच्या मोठं हिरवं मैदान, आणि टोकाला घुमटाचं गोल जुनं वॉटरवर्क्स, १८३२ चं. आम्ही बिनगाडीवाले, म्हणून मार्शल प्लेस.

बघायला ही घरं फार देखणी आहेत, दोनशे वर्षांची दगडी, उंच खिडक्या. पण लिफ्ट नाही. दाराशीच चार पायऱ्या, मग आत अरुंद जिना, त्यावर जाड गालिचा, मधेच वळण, आणि ज्या खोलीखाली "सुंदर व्ह्यू" असं लिहिलेलं असतं ती हमखास छपराखालची, तिसऱ्या मजल्यावरची, डोकं आपटणारी. फोटोत खिडकी दिसते, जिना कधीच दिसत नाही. म्हणून रिव्ह्यू वाचताना मी "लव्हली होस्ट" वगैरे सगळं सोडून फक्त दोन शब्द शोधत बसायचे, एक जिना आणि दुसरा सूटकेस. कोणीतरी लिहिलेलं असतंच की मालकांनी बॅगा वर नेऊन दिल्या, म्हणजे समजायचं जिना अवघड आहे.

आणि बाथटब. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. ब्रिटनमधल्या जुन्या घरात शॉवर बऱ्याचदा टबमध्येच असतो, म्हणजे आंघोळीला टबाची कड ओलांडून आत उतरायचं, ती कड आईच्या गुडघ्याच्याही वर, आतला तळ गुळगुळीत, धरायला काही नाही, आणि साबणाच्या पायांनी तीच कड ओलांडून परत बाहेर यायचं. तरण्याताठ्या माणसाला काही वाटत नाही, पण आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिच्यासाठी हे रोजचं दिव्य झालं असतं. त्यामुळे बुकिंग साइटवर "प्रायव्हेट बाथरूम" एवढं वाचून खूश व्हायचं नाही, वॉक-इन शॉवर आहे का ते विचारायचं. चेन हॉटेलातसुद्धा हे विचारावं लागतं, तिथेही काही खोल्यांत टबच असतो.

मी सरळ तीन-चार गेस्टहाउसना मेल टाकली, की आई-वडील सत्तरीचे आहेत, तळमजल्याला खोली आहे का, शॉवर उभा आहे का, आणि ब्रेकफास्टला बिनमांसाचं काय मिळेल. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एका मालकीणबाईंनी मात्र सविस्तर लिहिलं, तळमजल्याला एक मागची खोली आहे, व्ह्यू काही नाही, भिंत दिसते, पण पायऱ्या नाहीत आणि शॉवर सपाट आहे, आणि थेट बुक केलंत तर साइटपेक्षा थोडं कमी करते. अशी खोली म्हणजे सोनंच की! आई-बाबांना ती भिंतवाली, आम्हाला वरची छपराखालची, दोन्ही खोल्यांना रात्रीचे नव्वदच्या आसपास, दोघांच्या ब्रेकफास्टसकट. फक्त पैसे देताना एक बघा, काही जुनी गेस्टहाउसं अजूनही रेट माणशी सांगतात, खोलीचा नाही, ते आधीच विचारून घ्या.

पोचलो तेव्हा संध्याकाळ. गेस्टहाउस म्हणजे शेवटी कुणाचंतरी घर, रात्री बारापर्यंत रिसेप्शन उघडं असं नसतं, म्हणून गाडीची वेळ आधीच कळवलेली. (बसने येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, लांबच्या बऱ्याच बस गावात न येता बाहेर ब्रॉक्सडनच्या पार्क अँड राइडला सोडतात, तिथून परत लोकल बस.) बाईंनी दार उघडलं, आईचे हात हातात घेतले, आणि कम इन डिअर, कम इन करत थेट चहाच आणला. आई म्हणाली, "बघ, हॉटेलात कोण असं विचारतं?" नवरा काही बोलला नाही.

खोलीत किटली, दूध, बिस्किटं. एसी नाही, स्कॉटलंडमध्ये कुणाकडे नसतोच, लागतही नाही. आमची खरी पंचाईत उजेडाची झाली. जून अखेरीला तिथे रात्री दहापर्यंत लख्ख आणि पहाटे साडेचारला परत सूर्य वर, बाबा साडेचारला उठून अंथरुणावर बसलेले, सात वाजलेत म्हणून. छपराखालच्या खिडकीला तर पडदाच जेमतेम. जूनमध्ये जाणार असाल तर डोळ्यावर बांधायची पट्टी घेऊन जा.

ब्रेकफास्टला पहिल्या दिवशी आईने फक्त टोस्ट खाल्ला, संशयाने. मग बाईंनी पॉरिज दिलं, ओट्सची लापशी, आणि टॅटी स्कोन म्हणून बटाट्याची त्रिकोणी चपटी पोळी, तव्यावर भाजलेली. ती आईला एवढी आवडली की दुसऱ्या दिवशी पिशवीतनं लसणाची चटणी बाहेर आली. बाबांनी व्हेज हॅगिसपण खाल्लं, मूळ हॅगिस मेंढीच्या काळीज-फुफ्फुसाचं असतं पण हे ओट्स, डाळी आणि भाज्यांचं. त्यांचं मत, "मसाला कमी आहे, बाकी उत्तम." ब्रेकफास्ट इतका भरपेट व्हायचा की दुपारी सुपरमार्केटमधलं सँडविच पुरायचं, जेवणाचा खर्च तिथेच निम्मा झाला.

गाव बघायला पाय पुरतात. पर्थ म्युझियम फुकट आहे, जुन्या सिटी हॉलमध्ये मार्च २०२४ ला उघडलेलं, आणि आत तो स्टोन ऑफ डेस्टिनी. दिसायला वाळूच्या दगडाचा एक ओबडधोबड ठोकळा, दोन बाजूंना लोखंडी कड्या, पण यावर स्कॉटलंडचे राजे राज्याभिषेकाला बसायचे. १२९६ मध्ये इंग्लंडच्या राजा एडवर्डने उचलून नेला तो थेट १९९६ मध्ये परत आला, आणि २०२३ मध्ये चार्ल्सच्या राज्याभिषेकाला परत लंडनला जाऊन आला. सातशे वर्षं नेलेला दगड! आई म्हणाली, "एवढं भांडण एका दगडावरून?" आणि मग स्वतःच हसली, कारण आपल्याकडे काय कमी आहे का. खरा दगड पूर्वी स्कूनला, आज स्कून पॅलेस आहे त्या जागी असायचा, गावाबाहेर दोन-तीन किलोमीटरवर, तिथे आता टेकाडावर त्याची नक्कल ठेवलीय आणि आजूबाजूला मोर फिरतात. पॅलेसला तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही, बजेट ताणलं असेल तर म्युझियमवर भागवा असंच मी सांगेन.

मला स्वतःला जास्त आवडला तो जुना पूल, १७७१ चा. त्याच्या खांबावर पुराच्या खुणा कोरल्यात, कुठल्या साली पाणी कुठवर आलं ते. सगळ्यात वर १८१४ ची, त्याखाली १९९३ ची. सांगलीच्या माणसांना यावर वेगळं सांगायला नको. आई-बाबा तिथे पंधरा मिनिटं उभे, २०१९ ला आपल्या गल्लीत पाणी कुठवर होतं ते त्या खांबाशी ताडून बघत.

किनूल हिलला वर जंगलातनं चढ आहे, आई आली नाही, ती साउथ इंचवर बाकावर बसली. बाबा मात्र आले, हळूहळू, त्यांचं कारण वेगळं होतं. बाबा नगररचना खात्यातले, आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडीसचं लहानपण याच टेकडीच्या उतारावरच्या घरात गेलं. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक हेच गेडीस, आणि आपल्याकडच्या कितीतरी गावांवर त्यांनी रिपोर्ट लिहिले, सरसकट पाडापाडी न करता जुनी वस्ती राखून सुधारा म्हणणारे. वर कड्यावरून टे नदीचं वळण, शेतं, खाली गाव, सगळं एका नजरेत येतं. बाबा म्हणाले, "असं गाव रोज वरनं बघत वाढलेल्या माणसाला नकाशा काढायला शिकवावं लागत नाही."

एडिंबराला एक दिवस जाऊन आलो, जाताना फोर्थ खाडीवरचा १८९० चा लाल रेल्वे पूल गाडीतनंच दिसतो, नव्हे त्याच्यावरूनच जातो. संध्याकाळी परत पर्थला उतरलो की स्टेशनपासून दहा मिनिटांत खोलीवर, आईचे पाय दुखायच्या आत. तिथली गर्दी बघितल्यावर मुक्काम इकडे टाकल्याचं नवऱ्यालाही पटलं, चेन हॉटेलचा विषय त्याने परत काढला नाही.

चेकआउट सकाळी दहाला, गाडी दुपारची. बॅगा गेस्टहाउसच्या पॅसेजमध्ये ठेवून दिल्या, त्याचे पैसे नाहीत, फक्त आदल्या रात्री विचारून ठेवायचं.

दिरांना आता डिसेंबरात जायचंय. त्यांना मी आमचं गेस्टहाउस सुचवलेलं नाही, बरीच गेस्टहाउसं हिवाळ्यात काही आठवडे बंद असतात, आणि तेव्हा तिथे साडेतीनला सूर्य मावळतो. त्यांना म्हणलं, तुम्ही आपलं चेन हॉटेलच घ्या, खाली रेस्टॉरंट असलेलं, आणि वहिनींना टबाचं काय ते आधी विचारून घ्यायला सांगा.